जपून वापरा

आमच्या घरात कुठलीही वस्तू वापरून झिजत नाही. ती जपून जपून मरते.

टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेला आहे. आतली बटणं आता कुणालाच वाचता येत नाहीत, पण रिमोट नवाकोरा आहे. फ्रिजच्या मुठीला कापडी बाही आहे. वॉशिंग मशीनला चेनचा रेनकोट आहे, आणि आमच्या घरात पाऊस पडत नाही. मिक्सरला रजईचं जाकीट आहे. मागच्या डिसेंबरात मला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा घरात सगळ्यात उबदार तोच होता. हे सगळं शिवणकाम सासूबाईंचं. त्यांचं वय ७६, त्यांच्या शिवणयंत्राचं ५२. यंत्रालाही कव्हर आहे आणि ते त्याच यंत्रावर शिवलेलं आहे. स्वतःचे कपडे स्वतः शिवणारं घरात ते एकटंच.

अशा घरात इंडक्शन आलं.

आलं ते सिलिंडरमुळे. लोकांचा सिलिंडर पाहुणे आल्यावर संपतो. आमचा तितका नाटकी नाही. कणीक मळून झाली, तवा तापला, पहिली पोळी टाकली, की तो शांतपणे जातो. मग दुसरा सिलिंडर हलवून बघायचा, आणि तोही मागच्या वेळेपासून रिकामाच आहे हे कळलं की एकमेकांकडे बघायचं. असं तीनदा झाल्यावर नवरा एक दिवस खोकं घेऊन आला. काळी चकचकीत काच, खाली बटणांची रांग, आणि २००० वॉट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

सासूबाईंनी आयुष्यात चूल पेटवली आहे, भुशाची शेगडी ठासून भरली आहे, वातीच्या स्टोव्हच्या वाती ओढल्या आहेत. पंपाच्या स्टोव्हला पिन मारताना एकदा डावी भुवई देऊन बसल्या होत्या. म्हणजे विस्तवाला घाबरणारी बाई नव्हे. पण या यंत्रापुढे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जाळ कुठाय?"

"आजी, याला जाळ नसतो," आमचे चिरंजीव म्हणाले. ते इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यामुळे घरात त्यांना सगळं माहीत असतं.

"दिसतच नाही त्याच्याशी भांडायचं कसं?"

मग चिरंजीवांनी ओट्यावरच वर्ग घेतला. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास फेरे मारते. हे यंत्र ते वीस हजारांच्याही वर नेतं. त्यामुळे वेटोळ्याभोवती भराभर दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर लोखंडाचं भांडं ठेवलं की त्या भांड्याच्याच बुडात विजेचे भोवरे फिरायला लागतात, आणि भांडं तापतं.

"म्हणजे शेगडी तापतच नाही. भांडं आपलं आपणच तापतं."

"कुणी काही केलं नाही तरी?"

"हो."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "असतात तशी," म्हणाल्या.

चिरंजीव पुढे इतिहासात शिरले. या भानगडीचं मूळ म्हणे १८३१ सालात. लंडनच्या मायकेल फॅरडे या माणसाने दाखवून दिलं, की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तर शेजारच्या तारेत आपोआप वीज उभी राहते. हा गृहस्थ पोरवयात पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचा. आमच्याकडे असता तर 'हातातलं काम टाकून वाचतोस काय' म्हणून सगळा शोध दुकानातच बारगळला असता. मग १९५०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने या शेगडीचे जाहीर प्रयोग केले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून शेगडी आणि भांडं यांच्यामध्ये चक्क वर्तमानपत्र ठेवलं, आणि वरच्या भांड्यात पाणी उकळून दाखवलं.

एवढ्या व्याख्यानातून सासूबाईंनी नेमकी एक गोष्ट उचलली: या शेगडीला वर्तमानपत्र चालतं. त्यांनी त्याच संध्याकाळी रविवारची पुरवणी घडी करून यंत्राखाली अंथरली. खालचा ओटा खराब व्हायला नको.

अमेरिकेत पेपर शेगडीच्या वर ठेवला होता आणि आमच्याकडे तो खाली गेला, या फरकाकडे त्या वेळी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भांड्यांची परीक्षा झाली. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं ते पास, असा साधा नियम. फ्रिजवरचं रत्नागिरीहून आणलेलं आंब्याच्या आकाराचं मॅग्नेट घेऊन मी मांडणीपुढे बसले. तांब्याचा बंब नापास. पितळेचं पातेलं, ज्यावर पणजीसासूबाईंचं नाव कोरलं आहे, ते नापास. ॲल्युमिनियमचा कुकर नापास. खरा धक्का पुढेच होता. आमच्या लग्नात आलेला जड, महागडा स्टीलचा डबा-पातेल्यांचा संच, जो बावीस वर्षं 'चांगला आहे' म्हणून वरच्या फळीवर होता, तो अख्खा नापास. उंची स्टीलमध्ये निकेल असतं आणि ते बहुधा चुंबकाला दाद देत नाही. आणि चहापत्तीच्या पुड्यावर फुकट मिळालेलं पातळ भगुणं? आंबा त्याला असा चिकटला, की ओढून काढावा लागला. पोळ्यांचा जुना लोखंडी तवाही पहिल्या वर्गात आला. घराण्याची प्रतिष्ठा अशी धुळीला मिळालेली मी पहिल्यांदाच बघितली.

आता प्लगचं. इंडक्शनच्या वायरीला तीन जाड पायांचा प्लग होता, आणि ओट्यावरच्या सॉकेटला तीन बारीक भोकं. एवढ्यावर कुणीही शहाण्या माणसाने वायरमनला बोलावलं असतं. पण माझा नवरा बँकेत आहे; त्याची श्रद्धा तडजोडीवर. त्याने कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला. एका अंगाने जाड पायांना घरात घेणारा आणि दुसऱ्या अंगाने स्वतःचे बारीक पाय सॉकेटमध्ये खुपसणारा पांढरा ठोकळा. दुकानदार म्हणाला, "सगळे हाच नेतात." मराठी माणसाला यापुढे आणखी पुरावा लागत नाही.

जाड पाय बारीक भोकात जात नाहीत, तो घडवणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हता, निरोप होता. हे मला फार उशिरा कळलं.

आणि मग अर्थातच कव्हर आलं. जुन्या पडद्याचं, निळ्या फुलांचं, चारी बाजूंनी लास्टिक घातलेलं, अगदी टोपड्यासारखं. यंत्राची जागा ठरली ओट्याच्या कोपऱ्यात, दोन भिंतींना चिकटून, म्हणजे कुणाचा धक्का लागायला नको. यंत्राला एक खोड होती: स्वयंपाक झाल्यावर बटण बंद केलं तरी आतला पंखा मिनिट-दोन मिनिटं घोंघावत राहायचा. सासूबाईंना तो उधळेपणा वाटे. "काम झालं ना? मग कशाला फिरतोय?" असं म्हणून त्या भिंतीवरचं बटण फट्कन बंद करायच्या, गरम काच ओल्या फडक्याने पुसायच्या, आणि लगेच टोपडं चढवायच्या. बाळंतिणीच्या खोलीसारखा बंदोबस्त. सहा महिने यंत्राने तो सोसला.

मग आली संकष्टी.

उकडीचे एकवीस मोदक वळून तयार. कळ्या अशा नाजूक, की त्यांच्याकडे बघून उपास सोडावा. चंद्रोदय नऊ वाजून बारा मिनिटांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूबाईंनी तो दिवसातून चारदा वाचलेला. आठ वाजता मोदकपात्र गॅसवर ठेवलं आणि आठ वाजून पाच मिनिटांनी सिलिंडर गेला.

"इंडक्शन आहे ना!" नवरा विजयी स्वरात म्हणाला.

मोदकपात्र ॲल्युमिनियमचं, सासूबाईंच्या माहेरचं. इंडक्शनवर ठेवल्याबरोबर ते यंत्र टुंटुं करून 'हे भांडं मी ओळखत नाही' म्हणायला लागलं. चिरंजीव घरी असते तर तिथेच थांबवलं असतं. ते मित्राकडे अभ्यासाला, म्हणजे क्रिकेट बघायला गेले होते. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि लोखंडी तवा आणून काचेवर ठेवला. तव्यावर मोदकपात्र.

यंत्र गप्प झालं. तव्याची ओळख पटली होती.

"स्थळ पसंत नसलं तरी मधला माणूस ओळखीचा असला की जमतं," सासूबाई म्हणाल्या, आणि आकडा थेट २०००वर नेला.

दहाएक मिनिटांत यंत्र पुन्हा ओरडलं. पडद्यावर इंग्रजी ई आणि पुढे एक आकडा. सासूबाईंनी बंद करून चालू केलं. पाच मिनिटांनी पुन्हा ई. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "आई, ते काहीतरी सांगतंय." त्या म्हणाल्या, "मी पण त्याला काहीतरी सांगतेय."

आणि तेवढ्यात वास आला.

मासळीचा. स्वच्छ, खणखणीत, भाजक्या सुक्या मासळीचा वास. संकष्टीच्या दिवशी, चंद्रोदयाला पाऊण तास असताना, आमच्या स्वयंपाकघरात.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी त्या संध्याकाळी इंडक्शनबद्दल जो संताप पाहिला नव्हता तो आता उमटला. "खालच्यांकडे बोंबील भाजतायत! आज!" त्यांनी आधी खिडकी लावली. वास वाढला. मग दुसरी खिडकी लावली. वास आणखी वाढला. शेवटी त्या स्वतः जिन्याने एक मजला उतरून गेल्या. खालच्या वहिनी दारात आल्या त्या हातात दूर्वांची जुडी घेऊन. त्यांचाही उपास होता. दोघी बराच वेळ एकमेकींना 'नाही हो, तसं काही नाही' म्हणत राहिल्या. हा संवाद जिन्यातून उतरणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ऐकला.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. मंडळाच्या कंपन्या २००५ साली झाल्या. काकांच्या बोलण्यात अजून 'आमचं बोर्ड'च आहे. ते आमच्या दारात आले, नाक वर केलं, एकदाच हुंगलं आणि म्हणाले,

"वहिनी, हे बोंबील नव्हेत. हा तुमचा प्लग आहे."

प्लग-सॉकेटचं प्लास्टिक तापून जळायला लागलं, की त्याला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. हे ज्ञान शाळेत का देत नाहीत, कोण जाणे. कोकणातल्या घरांत कदाचित ते दिल्याने काही फायदा होणार नाही, पण आमच्यासारख्या शाकाहारी घरात तरी बिनमासळीचा मासळीचा वास आला, की शेजाऱ्यांवर जाण्याआधी बोर्डावर जावं.

आम्ही सगळे स्वयंपाकघरात धावलो. पांढरा कन्व्हर्टर आता पांढरा नव्हता. कडेने तो चहासारखा तपकिरी झाला होता, आणि त्याच्या मागून धुराची एक बारीक रेघ, उदबत्तीसारखी शांतपणे वर चालली होती. यानंतरच्या दहा सेकंदांत आमच्या घराने जे जे करू नये ते सगळं करायला घेतलं. नवरा प्लग उपटायला हात पुढे करून निघाला. सासूबाईंनी पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलला. मी ओल्या हाताने यंत्राचं बटण शोधत होते.

"कुणी हात लावायचा नाही! पाणी तर नाहीच नाही!" काकांचा आवाज सबस्टेशनवरचा होता. "मेन कुठाय?"

मेन. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मेन दारामागे आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दारामागे कॅलेंडर होतं. कॅलेंडर उचललं तर त्याखाली एक निळ्या फुलांचा पडदा निघाला, खिळे मारून ताणून बसवलेला. एमसीबीच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून.

काकांनी तो पडदा एका झटक्यात फाडला आणि मेन पाडला. घर अंधारात गेलं. धुराची रेघ हळूहळू विरली. कुठूनतरी सासूबाईंचा आवाज आला: "चांगलं कापड होतं हो."

नंतर काकांनी ते सगळं क्रमाने सांगितलं, ते इथे नोंदवून ठेवते, कारण अशा वेळी माणसाला आठवत काही नाही, हात मात्र चालतात. प्लग वितळतोय, ठिणग्या येतायत, जळका वास येतोय असं दिसलं की पहिलं काम मेन पाडायचं. तापलेला प्लग चालू विजेवर उपटायला जायचं नाही. प्लास्टिक मऊ झालेलं असतं, ते हातात येतं आणि आतलं पितळ उघडं पडतं. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. मेन पाडल्यावरही ज्वाळा दिसत असतील तर शौर्य दाखवत उभं राहायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. "आणि मेन कुठाय ते घरातल्या पोरापासून थोरापर्यंत सगळ्यांना अंधारात चाचपडता आलं पाहिजे. चंद्रोदय चुकला तर पुढच्या महिन्यात परत आहे," काका म्हणाले.

टॉर्चच्या उजेडात आम्ही जमिनीवर बसलो. तवा अजून इतका तापलेला होता, की त्यावर पडलेला पाण्याचा थेंब उड्या मारत पळाला.

"पण एमसीबी पडला कसा नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याला यंत्रणेने दगा दिला असं वाटत होतं.

काका खुलले. निवृत्त माणसाला असा प्रश्न विचारणं म्हणजे दिवाळीचा बोनस. "तुझी शेगडी दोन हजार वॉटची. भागिले २३० व्होल्ट. किती झाले? पावणेनऊ अँपिअर. तुझं सॉकेट सहाचं. स्वयंपाकघराचा एमसीबी सोळाचा. सोळाच्या एमसीबीला पावणेनऊ म्हणजे अर्धपोटी जेवण. तो कशाला उठतोय? त्याच्यातून किती वीज गेली ते त्याला कळतं. तिकडे ओट्यावर सॉकेटची भोकं सैल झाली आहेत, कन्व्हर्टर लोंबकळतोय, हे त्याला दारामागे, पडद्याआड बसून काय कळणार?"

"पण सैल असलं तर वीज कमी जाईल ना?"

"तीच तर गंमत. जिथे नीट टेकत नाही तिथे अडथळा. समज, त्या सांध्यात अर्धा ओहम अडथळा आहे. पावणेनऊचा वर्ग करून त्याची निम्मी घे. ३८ वॉट. रेडिओवाल्याकडचं सोल्डरिंग आयर्न बघितलंयस? साधारण तेवढंच असतं. म्हणजे अर्धा तास तू तुझ्या कन्व्हर्टरच्या पोटात एक सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवलं होतंस."

नवरा गप्प झाला. बँकेत अर्ध्या टक्क्याचा हिशेब करणाऱ्या माणसाला अर्ध्या ओहमचा इतका मार बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"आणि वहिनी, हा तवा कुणी ठेवला?"

अंधारात शांतता.

"भांड्यात पाणी असलं, की ते शंभर अंशांवर उकळतं आणि उष्णता घेऊन जातं. तुम्ही मधे कोरडा तवा घातलात. त्यातून तो बुडाला गोल, वरच्या भांड्याला नीट टेकत नाही. तवा तापत सुटला, त्याची उष्णता मोदकांना पोचेना, ती खाली काचेत उतरली. काचेच्या खाली सेन्सर असतो. तो बिचारा तीनदा म्हणाला, की मला आता सहन होत नाही."

"मला वाटलं भांडं आवडलं नाही म्हणून ओरडतंय," सासूबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "आमच्या वेळी स्टोव्ह भडकायचा तेव्हा दिसायचं तरी."

खालच्या वहिनींनी आमचे मोदक आपल्या गॅसवर उकडून दिले. चंद्र वेळेवर उगवला. ज्यांच्यावर बोंबलांचा आळ घेतला त्यांच्याच घरी उपास सुटला, आणि सासूबाईंनी त्यांना दोन मोदक जास्त वाढले. आमच्या घराण्यात क्षमा अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार पोरसवदा होता, पण त्याने बरंच जग बघितलेलं होतं. यंत्र उलटं केलं मात्र, आणि त्याने चिमट्याने पंख्याच्या जाळीला चिकटलेला कागद ओढून काढला. रविवारची पुरवणी. 'वधू पाहिजे'चं पान.

"मॅडम, हे यंत्र श्वास खालून घेतं आणि मागून सोडतं," तो म्हणाला. "खाली पेपर घातला, की पंखा तो ओढून तोंडावर लावून घेतो. उशीने तोंड दाबल्यासारखं. मागे भिंत असेल तर सोडलेली गरम हवा परत आत. कोपऱ्यात ठेवता?"

मी खोटं बोलणार होते. पण पुरवणी समोर होती.

मग त्याने चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत तांब्याचं सुंदर गोल वेटोळं, मधोमध दाण्याएवढा सेन्सर, एका बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या कंगव्यावर बसवलेला काळा चौकोनी भाग, आणि या सगळ्यात जागोजागी झुरळं. लहान, मोठी, काही हयात, बाकीची सर्किटच्या कार्डावर कायमची आडवी झालेली. सहा महिने आम्ही टोपडं घालून ऊब राखली होती ती कुणासाठी, ते आता कळलं. आमच्या ओट्यावरचं ते सगळ्यात चांगलं प्रसूतिगृह होतं. झुरळ कार्डावर दोन टोकांमध्ये आडवं झालं, की शॉर्ट. आणि कार्ड गेलं की ग्राहक म्हणतो माल खराब.

"ही आयजीबीटी," त्याने त्या काळ्या चौकोनाला बोट लावलं. "सगळा भार हिच्यावर. फार तापली की फट् करून उडते. म्हणून तर बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, हिला आणि वेटोळ्याला गार करायला. लोक लगेच मेन बटण बंद करतात. तुम्ही?"

माझ्या डोळ्यांपुढे ते फट्कन बंद होणारं बटण आलं. "क्वचित," मी म्हणाले.

आयजीबीटी वाचली होती. सेन्सरने तीनदा आरडाओरडा करून ती वाचवली. झुरळं झटकली, पंखा साफ केला, वायर आणि प्लग नवा घातला. शेवटी त्याने काचेवरून नख फिरवून बघितलं. "तडा नाही. नशीब. तापलेल्या काचेवर पाणी टाकत नाही ना? तडा गेला तर वापरायचं नाही हं, किती का बारीक असेना. त्यातून पाणी थेट आत उतरतं."

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, की या मुलाने आमच्या घराचं वर्णन केलं होतं, आणि आम्ही जे जे प्रेमाने केलं नेमकं तेच त्याने दोषांच्या यादीत वाचून दाखवलं होतं. खालचा कागद: ओटा जपायला. कोपरा: धक्का लागू नये म्हणून. टोपडं: धुळीसाठी. फट्कन बटण: वीज वाचवायला. मेनवरचा पडदाही धुळीसाठीच. आम्ही ओटा जपला, काच जपली, पेटी जपली. जळून जाणार होतो ते आम्ही. 'जपून वापरा' या दोन शब्दांत वस्तूला जपायचं की वस्तूपासून स्वतःला जपायचं, हे व्याकरणाने कधी स्पष्टच केलेलं नाही.

त्याच आठवड्यात वायरमन आला. बोर्डापासून ओट्यापर्यंत वेगळी जाड तांब्याची वायर टाकली, सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं, अर्थिंग तपासलं. जाड पायांचा प्लग त्यात असा गपकन बसला, की ऐकायलाच समाधान वाटलं. यंत्र कोपऱ्यातून बाहेर आलं. आता त्याच्या मागे वीतभर मोकळी जागा असते. तिथे काहीतरी ठेवायचा मोह घरात रोज कुणाला ना कुणाला होतो. चिरंजीवांनी मेनच्या पेटीपाशी लाल बाण चिकटवला आहे. चंद्रोदय आता शेजारच्या भिंतीवर वाचावा लागतो. मोदकांसाठी सपाट बुडाचं, आंबा चिकटणारं नवं भांडं आलं.

बदल सासूबाईंनीही केला, पण आपल्या पद्धतीने. एक दिवस शिवणयंत्राची घरघर ऐकू आली तेव्हाच मी ओळखलं. नवं कव्हर. पण या खेपेला मागच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी, आणि कडेने साखळीटाक्याने अक्षरं भरलेली: 'गार झाल्यावर'.

"आई, कव्हर कशाला पुन्हा?"

"वाच की नीट," त्या म्हणाल्या. "पंखा थांबेपर्यंत मी हातात घेऊन उभी असते."

खरंच असतात. भाजी उतरवतात, बटण बंद करतात, आणि कव्हर हातावर टाकून, आंघोळीहून येणाऱ्या नातवासाठी टॉवेल घेऊन उभं राहावं तशा त्या दोन मिनिटं त्या घोंघावणाऱ्या यंत्रापुढे उभ्या राहतात.

राहता राहिला तो कन्व्हर्टर. काकांनी तो त्याच रात्री टाकून द्यायला सांगितलं होतं, पण आमच्याकडे 'टाकून दे' या शब्दांचा अर्थ 'खणात टाक' असा होतो. दिवाळीची आवराआवर करताना तो मला सापडला. 'लागेल कधीतरी' या डब्यात, स्वच्छ कागदात गुंडाळून, दोरा बांधून. कडेने तपकिरी, एक पाय वाकडा. मी तो कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि सासूबाईंनी तो लगेच बाहेर काढला. मी भांडायच्या तयारीने वळले.

त्यांच्या हातात बत्ता होता. कन्व्हर्टर त्यांनी पाट्यावर ठेवला, दोन घावांत त्याचे तिन्ही पाय मोडले, आणि तुकडे पुन्हा बादलीत टाकले.

"असाच टाकू नये," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "कुणीतरी उचलून नेईल आणि जपून वापरील."